कोणत्या ऊतीत?

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. मधुमेहात व्हीईजीएफ, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारा वाढघटक, वाढतो म्हणायचं की घटतो, एक पेपर हे म्हणतो, दुसरा ते, मग प्रबंधाचं गृहीतक मांडायचं कसं? पोरी, कोणत्या ऊतीत, हे न विचारता याला उत्तरच नाही.

दृष्टिपटलाला रक्त कमी पडलं की तिथल्या पेशी व्हीईजीएफ सोडतात, कच्च्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात, डोळ्यात रक्तस्राव होतो. त्याच रोग्याच्या पायाच्या जखमेला नव्या वाहिन्या हव्या असतात, आणि त्या येत नाहीत. प्राणवायूच्या तुटवड्याला पेशींनी द्यायचा प्रतिसाद चढलेल्या साखरेने मंदावलेला असतो. म्हणून डोळ्यात व्हीईजीएफ अडवणारं इंजेक्शन, आणि पायाच्या जखमेवर लावायला वाढघटकाचंच मलम, बेकाप्लर्मिन (व्हीईजीएफ नव्हे, पीडीजीएफ हा दुसरा वाढघटक). रोगी एकच! यात विरोधाभास कसला? कोणत्या ऊतीत, एवढंच विचार.

तुमच्या पिढीला पूल्सन माहीत नसतो याचा मला राग येतो. 1953 साली या डॅनिश डॉक्टरने एका मधुमेही बाईची नोंद छापली. बाळंतपणानंतर तिची पियूषिका, म्हणजे मेंदूखालची वाढ संप्रेरक बनवणारी ग्रंथी, निकामी झाली आणि डोळ्यांतला विकार ओसरला. त्यावरून वाढ संप्रेरकावर बोट ठेवलं गेलं आणि दृष्टी वाचवायला माणसांच्या पियूषिका काढल्या गेल्या. काहींची दृष्टी वाचलीही, पण जन्मभर कॉर्टिसोन आणि साखर एकदम कोसळण्याची धास्ती मागे लागली. लेझर आल्यावर ती शस्त्रक्रिया मागे पडली. डोळ्यासाठी सगळ्या शरीराला हात घातला की असं होतं. 1994 मध्ये आयेलो आणि सहकाऱ्यांनी थेट डोळ्यातल्या द्रवात व्हीईजीएफ मोजला, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं.

मी जन्मभर दृष्टिपटल सोडलं नाही, म्हणून मला हेकट म्हणत. म्हणोत. एक ऊती नीट कळल्याशिवाय दुसरीबद्दल बोलायचं नाही, हे मी आजही सोडणार नाही. पायाच्या वॉर्डात जायला वेळ उरला नाही, याची हळहळ मात्र आहे. ते काम तू कर.

रक्तातल्या आकड्यावर विसंबू नकोस. टाइप 1 मध्ये यकृताला इन्सुलिन कमी पोचतं, म्हणून रक्तात वाढ संप्रेरक चढलेलं आणि आयजीएफ-1, म्हणजे त्या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर यकृत बनवतं तो वाढघटक, उतरलेला दिसतो. त्यावरून डोळ्यात काय चाललंय ते कळत नाही.

गृहीतक राहू दे. आधी प्रत्येक पेपरपुढे लिही: कोणती ऊती, आजाराची कोणती पायरी, मोजमाप रक्तात की काचद्रवात, म्हणजे डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवात. तो तक्ता रविवारपर्यंत पाठव. तब्येत सांभाळ, जेवण चुकवू नकोस.