बाळ अचानक किंचाळतंय? आधी सगळे कपडे काढा

भूक, ओलं लंगोट, अडकलेली ढेकर हे तुम्ही पाहिलंच असेल. तरी थांबत नसेल तर बाळाला उजेडात पूर्ण उघडं करा, मोजेसुद्धा काढा. हातापायाचं प्रत्येक बोट सुटं करून बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. एखादा केस किंवा मोज्याचा धागा बोटाला करकचून बसतो आणि पुढचा भाग लालनिळा सुजतो. मुलगा असेल तर शिश्नही तपासा. केस सहज निघत नसेल तर ओढत बसू नका, दवाखाना गाठा. करगोट्याखाली, मनगटातल्या काळ्या दोऱ्याखाली बोट शिरत नसेल तर तो कापाच, आजी रागावल्या तरी. जांघेत टणक गाठ म्हणजे अडकलेला हर्निया असू शकतो, तेव्हाही लगेच निघा.

मग ताप. 3 महिन्यांखालच्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर घरी औषध देऊन वाट पाहायची नाही.

पाय पोटाशी घेऊन किंचाळणं, मग मलूल पडणं, 15-20 मिनिटांनी पुन्हा तेच. सोबत हिरवी उलटी किंवा शीतून रक्त-शेंबूड. आतड्यात आतडं शिरलं की असं होतं. रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

रोज संध्याकाळीच रडणारं, एरवी नीट पिणारं आणि वजन वाढणारं बाळ वेगळं. ते रडणं 6 आठवड्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, 3-4 महिन्यांत ओसरतं. त्यावर गुटी, ग्राइप वॉटर नको. कानात तेल तर मुळीच नको. तुमचाच तोल जाऊ लागला तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून 5 मिनिटं बाहेर या, पण गदागदा हलवू नका.