'सिग्नलिंग डायनॅमिक्स'ला गतिशास्त्र म्हणायचं का?

साताऱ्याच्या एका मॅडमनी विचारलंय की बारावीच्या पोरांच्या मराठी पोस्टरवर 'सेल सिग्नलिंग डायनॅमिक्स'ला 'पेशी संकेत गतिशास्त्र' लिहिलं तर चालेल का, आणि 'जीन एक्स्प्रेशन'चं काय करायचं. मॅडम, चुकीचं नाहीये, पण नको. गतिशास्त्र म्हटलं की पोरांना वाटणार सिग्नल, म्हणजे पेशीतला रासायनिक संदेश, किती जोरात पळतो ते मोजायचंय, आणि इथं प्रश्न वेगळाच आहे, सिग्नल कधी चढला, किती वेळ टिकला, उतरून परत आला का. मी तरी सरळ 'संदेशाचे चढउतार' लिहीन.

आपल्या एसटीत कंडक्टरनं एक बेल मारली की गाडी थांबते, डबल मारली की निघते, दोरी तीच घंटा तीच. पेशीतही असंच काहीतरी चालतं. उंदराच्या ट्यूमरमधल्या पीसी १२ पेशींना ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं एक प्रथिन) दिलं की आतलं ईआरके नावाचं एन्झाइम थोडा वेळ चालू होऊन बंद पडतं आणि पेशी विभागत राहतात, एनजीएफ (चेतापेशींच्या वाढीचा संदेश देणारं तसंच प्रथिन) दिलं तर तेच ईआरके कित्येक तास चालू राहतं आणि पेशींना चक्क चेतापेशींसारखे फाटे फुटायला लागतात!

पण जनुकांना वेळ कळते कशी? फायब्रोब्लास्ट (त्वचेसारख्या ऊतींना आधार देणाऱ्या) पेशींत हे छान सापडलंय. ईआरके चालू झालं की फॉस नावाचं जनुक लगेच कामाला लागतं, पण त्याचं प्रथिन तयार व्हायला वेळ जातो, तोवर ईआरके बंद पडलं असेल तर ते प्रथिन पटकन मोडून जातं, आणि अजून चालू असेल तर ईआरके त्याला फॉस्फेट चिकटवतं, मग ते टिकतं आणि पुढच्या जनुकांवर काम करतं.

पी ५३ चंही तसंच, हे डीएनए बिघडला की पेशीचं विभाजन रोखणारं प्रथिन, गॅमा किरणांनी डीएनए तुटला की ते साधारण साडेपाच तासांच्या अंतरानं परत परत वर येतं, यूव्हीनं मात्र एकच लांबलचक चढ. २०१२ मध्ये हार्वर्डच्या गालित लहाव यांच्या लॅबनं औषधानं ते मुद्दाम वरच धरून ठेवलं तर जास्त पेशींनी विभागणं कायमचं सोडलं.

'जनुक अभिव्यक्ती' रूढ आहे, राहू द्या (अभिव्यक्ती स्वातंत्र्य आठवून पोरं हसतील, हसू देत). फक्त खाली 'जनुकावरून आरएनए आणि प्रथिन बनणं' एवढं लिहा आणि शेजारी ईआरकेचे दोन आलेख काढा, एक आखूड एक लांब.