गुन्ह्यांच्या आकड्यांपासून सुरुवात करू नकोस

प्रिय दोस्त,
अनेक आशीर्वाद.

कामगारांचं औद्योगिक उपनगर बदनाम का होतं, यावरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते आहे. पण पहिल्या परिच्छेदात गुन्ह्यांची आकडेवारी आणि दुसऱ्यात लगेच उपनगराच्या बदनामीचं कारण, हे जरा घाईचं झालं. एखादं कारण इतक्या लवकर हाती लागलं की मला शंका येते. कामगारांच्या औद्योगिक उपनगराचं नाव बहुतेक वेळा तिथल्या चोऱ्यामाऱ्यांच्या आधीच खराब झालेलं असतं. शहराला जे धंदे आपल्या नाकाखाली नको असतात, ते कुठे ढकलले गेले आणि कुणी ढकलले, तिथून सुरुवात कर.

आधी वारा बघ. हसू नकोस. इंग्लंडात वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. कोळशाच्या काळात धुराड्यांचा धूर शहराच्या पूर्वेला जाऊन बसायचा. ज्यांना परवडत होतं ते पश्चिमेला सरकले आणि पूर्वेला उरले ते, ज्यांना भोंगा वाजल्यावर पायी कामावर पोचायचं होतं. कोळशाचा धूर कधीच गेला, तरी तिथल्या कितीतरी जुन्या औद्योगिक शहरांत पूर्वेची बाजू आजही गरीबच आहे.

मग कायदा बघ. लंडनच्या पूर्वेला ली नावाची नदी आहे. 1844 च्या इमारत कायद्याने लंडनमध्ये घाण वास सोडणाऱ्या आणि धोकादायक धंद्यांवर बंधनं आणली. नदीपलीकडचं वेस्ट हॅम एसेक्स परगण्यात होतं आणि हा कायदा तिथे लागू नव्हता. झालं! हाडं उकळणारे, खतवाले, वॉर्निशवाले, रसायनवाले, सगळ्यांनी नदी ओलांडली. 1855 साली तिथे व्हिक्टोरिया गोदी सुरू झाली. 1851 मध्ये जेमतेम 19 हजार वस्तीचं हे ठिकाण 1901 पर्यंत 2 लाख 67 हजारांवर गेलं, म्हणजे पन्नास वर्षांत चौदापट. दलदलीच्या जमिनीवर घरांच्या रांगा आधी उभ्या राहिल्या, गटारं मागाहून आली. दारात सांडपाणी साचलेलं आणि हवेत उकळलेल्या हाडांचा वास. शहराने आपली घाण तिकडे पाठवली आणि वर तिथल्या लोकांना घाणेरडं म्हणून नाक मुरडलं.

याच भागातल्या सिल्व्हरटाउनचा प्रसंग तू नीट अभ्यासावास. पहिल्या महायुद्धात सरकारला टीएनटी हे स्फोटक हवं होतं, म्हणून दाट वस्तीतल्या एका रसायन कारखान्यात ते शुद्ध करायचं काम सुरू करायला लावलं. धोक्याची कल्पना आधीच दिलेली होती. 19 जानेवारी 1917 च्या संध्याकाळी सुमारे 50 टन टीएनटी उडालं आणि 73 माणसं मेली. अशा घटनेनंतर ठिकाणाच्या नावाला जो डाग लागतो तो तिथे राहणाऱ्यांना चिकटतो. कारखाना तिथेच चालवायचा असं ठरवणाऱ्यांचा पत्ता कुणाच्या लक्षात राहत नाही.

आणि हो, याच वेस्ट हॅमने 1892 मध्ये केअर हार्डी नावाचा कामगार पुढारी संसदेत पाठवला. तिथल्या जहाजबांधणीच्या कारखान्यातल्या कामगारांनी 1895 मध्ये काढलेला फुटबॉल संघ आजही रिव्हेट ठोकायचे दोन हातोडे चिन्हावर मिरवतो. बदनामीच्या लेखात हे बसत नाही म्हणून गाळू नकोस.

पुढचा टप्पा कागदाचा. चार्ल्स बूथ नावाच्या समाज-अभ्यासकाने 1889 पासून लंडनचे गरिबीचे नकाशे छापले, रस्त्यागणिक रंग देऊन. सगळ्यात खालच्या थराला काळा रंग आणि सूचीत त्याचा अर्थ, दुर्वर्तनी आणि अर्धगुन्हेगार. उत्पन्न आणि चारित्र्य एकाच रंगात बुडवलं! गंमत म्हणजे गरिबीचं मोठं कारण अपुरी मजुरी आणि बेभरवशाचं काम हे आहे, असं बूथच्याच पाहणीत निघालं होतं. पण सूची वाचायला सोपी असते, पाहणी वाचायला वेळ लागतो. 1930 च्या दशकात अमेरिकेत गृहकर्जांसाठी शहरांचे असेच नकाशे झाले. त्यात लाल रंग म्हणजे धोक्याचा भाग. काळ्या लोकांच्या वस्त्या तर सर्रास लाल रंगवल्या गेल्या. अशा भागात कर्ज मिळणं कठीण, म्हणून डागडुजी नाही, म्हणून घरं पडीक. पडकी घरं बघून लोक पुन्हा म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

तुझ्या आकड्यांतही हाच फेरा असू शकतो. पोलिसांची गस्त जिथे जास्त, तिथे किरकोळ भांडणंही नोंदली जातात. बंगल्यांच्या वस्तीतली मारहाण बंद दारामागे राहते. आकडे खोटे असतात असं मी म्हणत नाही. ते कसे गोळा झाले ते विचार.

बदनामीची किंमत पत्त्यावर वसूल होते. नोकरीच्या अर्जावरचा पत्ता वाचूनच अर्ज बाजूला पडतो. फ्रान्समध्ये हे इतकं बोकाळलं की 2014 मध्ये राहण्याच्या ठिकाणावरून भेदभाव करायलाही कायद्याने बंदी घालावी लागली.

आता दुसऱ्या बाजूनेही सांगतो, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू उद्या उलट टोकाला जाशील आणि सगळे कामगार साधुसंत करून ठेवशील. तसं करू नकोस. कारखाने बंद पडल्यावर रिकामे हात, दारू, सावकारी, पोरांच्या टोळ्या, हे सगळं खरं असू शकतं आणि त्याचा पहिला त्रास तिथल्याच बायाबापड्यांना होतो. त्यांना विचार. बरेच जण म्हणतील, आमची गल्ली चांगली आहे, वाईट ती पलीकडची. पलीकडच्या गल्लीत गेलास की तिथेही हेच ऐकायला मिळेल. आपल्यावरचा शिक्का शेजाऱ्याच्या कपाळावर ढकलायची ही धडपड नोंदवून ठेव. बाहेरच्यांच्या तिरस्कारापेक्षा ती मला जास्त बोलकी वाटते.

गुन्ह्यांचा तक्ता ठेव, पण मधे कुठेतरी, जमीन, वारा आणि कायदा सांगून झाल्यावर. तिसऱ्या पानावरचं 'येथील रहिवासी मुळात हिंसक प्रवृत्तीचे आहेत' हे वाक्य मात्र आजच काढ. त्याला तुझ्याकडे एकही आधार नाही.

दुरुस्त करून पाठव. वाट बघतो.