दुसऱ्या प्रश्नाची तयारी

प्रिय,

तुझा रेझ्युमे आणि सोबत पाठवलेली प्रश्नांची यादी, दोन्ही वाचलं. यादी चांगलीच लांबलचक आहे. ‘तुमची बलस्थानं कोणती’, ‘पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल’, ‘आम्ही तुम्हालाच का घ्यावं’... नेहमीची सगळी मंडळी हजर आहेत. ती यादी तूर्त बाजूला ठेव. तुझी खरी प्रश्नपत्रिका त्या दुसऱ्या फाइलमध्ये आहे आणि ती तूच काढली आहेस.

मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षं बसते आहे, तेव्हा टेबलापलीकडे काय चालतं ते आधी सांगते. पहिल्या चाळणीत रेझ्युमेवर कुणी फार वेळ घालवत नाही. ‘लॅडर्स’ या नोकरीविषयक कंपनीने २०१८ साली भरती करणाऱ्यांची नजर कागदावर कुठे आणि किती वेळ फिरते याची पाहणी केली होती. पहिल्या वाचनाला सरासरी ७.४ सेकंद, असं तीत निघालं. असे आकडे ऐकले की लोक रेझ्युमे भपकेदार करायच्या मागे लागतात. मोठमोठी क्रियापदं, ठळक टक्केवारी. पण तुला मुलाखतीचं बोलावणं आलंय, म्हणजे ते सात सेकंद सरले. आता तोच कागद समोर ठेवून कुणीतरी तुझ्याशी पाऊण तास बोलणार आहे. आणि सात सेकंदांत उठून दिसावी म्हणून जी ओळ लिहिलीस, नेमकी तिच्याखालीच रेघ ओढणार आहे.

मी रेझ्युमे हातात घेते तेव्हा माझ्या रेघा साधारण ठरलेल्या जागी पडतात. जिथे आकडा आहे तिथे. जिथे ‘नेतृत्व केलं’, ‘उभारलं’, ‘घडवून आणलं’ असं काही आहे तिथे. तारखांमध्ये जिथे खंड आहे तिथे. आणि आमच्या कामाशी ज्याचा थेट संबंध आहे तिथे, मग ती ओळ तू शेवटच्या कोपऱ्यात का लिहिलेली असेना. तुझ्या रेझ्युमेवर मी अशा सहा रेघा मारल्या आहेत. प्रत परत पाठवते, पण त्याआधी तू स्वतः मारून बघ. रेझ्युमे छापून घे आणि अनोळखी माणसाचा आहे असं समजून वाच. जरा खवचटपणे वाचलास तरी चालेल.

आता तुझी सगळ्यात भारी ओळ घेऊ: ‘मासिक अहवालाची प्रक्रिया सुधारून वेळेत ४० टक्के बचत केली.’ यावरचा पहिला प्रश्न सगळ्यांना सुचतो आणि त्याची तयारीही सगळे करतात: ‘हे काय केलंत ते जरा सांगा.’ तू छान सांगशील. पण मुलाखत तिथे संपत नाही, तिथे सुरू होते. ‘४० टक्के म्हणजे किती तासांवरून किती तासांवर?’ ‘मोजलं कुणी?’ ‘एका महिन्याचा आकडा आहे की सलग काही महिन्यांचा?’ ‘त्याच सुमारास काम कमी झालं होतं का?’ ‘यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?’ ‘तुम्ही सोडल्यावर ती पद्धत टिकली का?’ उमेदवार घसरतात ते या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला. पहिल्या उत्तरात पाठांतर खपून जातं, तिसऱ्यात खपत नाही.

म्हणून प्रत्येक ओळीमागे एक चिठ्ठी तयार ठेव. आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणी मोजलं, किती काळ चाललं, सोबत कोण होतं, तुझ्या हातचं नेमकं काय, आणि काय जमलं नाही. ‘आधी एका अहवालाला साधारण ५ तास लागायचे, नंतर ३ लागू लागले, चार महिन्यांची माझी स्वतःची नोंद आहे, कंपनीने अधिकृत मोजलेलं नाही’ एवढं तुला शांतपणे सांगता आलं, तर ४० टक्के हा आकडा तुझा झाला. पाच आणि तीन कुठून आले हेच आठवत नसेल, तर तो आकडा आजच काढून टाक. ‘अहवालाचं काम लक्षणीय लवकर होऊ लागलं’ ही ओळ दिसायला फिकी आहे खरी, पण तिच्यामुळे तू कोंडीत सापडणार नाहीस.

‘काय जमलं नाही’ हा कोपरा कुणी भरत नाही. तू भर. मला तरी उमेदवाराची समज सगळ्यात जास्त तिथेच कळते. ‘दोन विभागांचा डेटा वेगवेगळ्या साच्यात यायचा, तेवढा भाग शेवटपर्यंत हातानेच करावा लागला’ असं कुणी म्हटलं की मी पेन खाली ठेवते. या माणसाने ते काम खरंच केलेलं आहे.

दुसरी मोठी जागा म्हणजे तुझं ‘आम्ही’. तू फोनवर मला कॉलेजचा प्रोजेक्ट सांगत होतीस तेव्हा सगळं आम्हीच करत होतो: आम्ही डेटा गोळा केला, आम्ही मॉडेल बनवलं, आम्ही सादर केलं. नम्रता म्हणून हे चांगलं आहे, पण मुलाखत एकटीची असते. चौघांच्या गटात विक्रीचा अंदाज बांधणारं मॉडेल कुणी लिहिलं? तू डेटा साफ केला असशील तर तसं सांग, त्यात काही कमीपणा नाही. रिकाम्या नोंदींचं काय केलंस, एकाच ग्राहकाची दोन नावं कशी ओळखलीस, कोणत्या नोंदी टाकून दिल्यास आणि का, यावर तू दहा मिनिटं बोलू शकतेस हे मला माहीत आहे. मॉडेलवर मात्र दोन मिनिटांत अडकशील. जे तू केलंस तिकडे बोलणं ने. आणि मॉडेल गटातल्या मैत्रिणीने लिहिलं असलं तरी ते ढोबळमानाने कसं चालतं, हेच का निवडलं, चूक किती येत होती एवढं त्या मैत्रिणीला आजच विचारून घे. आपल्याच प्रोजेक्टबद्दल ‘तो भाग तिच्याकडे होता’ असं एकदा म्हटलेलं चालतं, तीनदा म्हटलेलं चालत नाही.

आता ‘एखादा प्रसंग सांगा’ या जातीच्या प्रश्नांबद्दल. ही मुलाखत घेणाऱ्याची लहर नसते, त्यामागे जुना विचार आहे. जॉन फ्लॅनगन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीवर काम केलं होतं. माणूस कामात कसा आहे हे त्याच्या स्वभावाच्या विशेषणांतून कळत नाही, नेमक्या प्रसंगी त्याने काय केलं यावरून कळतं, या धाग्यावर त्याने आपली पद्धत १९५४ साली मांडली. पुढे १९८० च्या दशकात मुलाखतीचे प्रश्नच त्या अंगाने रचले जाऊ लागले: काही ‘असं झालं तर काय कराल’ या धाटणीचे, काही ‘असं झालं होतं तेव्हा काय केलंत’ या धाटणीचे. आज अनेक ठिकाणी सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि ठरलेल्या पट्टीवर गुण देतात. निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली फेरआढावा घेतला, त्यातही अशी आखीव मुलाखत कामगिरीचा अंदाज देण्यात सगळ्यात वर राहिली. तुला हे सांगायचं कारण अगदी व्यावहारिक आहे. समोरचा माणूस हसत नसेल, मान खाली घालून लिहीत असेल, तुझ्या रंगात आलेल्या गोष्टीवर नुसतं ‘बरं, पुढचा प्रश्न’ म्हणत असेल, तर तू नापास झालीस असं समजू नकोस. तो कागदावरचे रकाने भरतोय.

या प्रश्नांसाठी ‘स्टार’ची पद्धत तू वाचली असशीलच: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम (सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट यांची इंग्रजी आद्याक्षरं). तयारीला ती उत्तम आहे, पण तशीच्या तशी म्हणून दाखवली की ऐकवत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक जण एकाच ठिकाणी फसतो: परिस्थिती सांगण्यातच सगळा वेळ जातो. कंपनी कशी होती, विभाग कसा होता, आधीच्या माणसाने काय गोंधळ घातला होता... आणि ‘मग मी ते केलं’ एका वाक्यात उरकतं. उलटं कर. परिस्थिती दोन वाक्यांत, आणि निम्म्याहून जास्त वेळ तू काय केलंस त्याला. काय ठरवलंस, दुसरा कोणता मार्ग होता, तो का सोडलास. असे पाच-सहा प्रसंग तुझ्याच रेझ्युमेतून निवड. पन्नास प्रश्नांची पन्नास उत्तरं लागत नाहीत. मतभेदाचा प्रसंग, मुदत चुकल्याचा प्रसंग, स्वतःहून काही शिकल्याचा प्रसंग हे बरेचदा एकाच कामाचे तीन कोन असतात.

कौशल्यांच्या यादीला कात्री लाव. चौदा नावं आहेत! त्यातल्या कुठल्याही एकावर बोट ठेवून कुणी विचारेल, ‘हे शेवटचं कधी वापरलंत आणि कशासाठी?’ याला उत्तर नसेल ते नाव गेलं पाहिजे. ‘एक्सेल, प्रगत’ लिहिलंयस, तर पिव्हट टेबल आणि व्हीलुकअप या नेहमीच्या सोयींच्या पुढचं काहीतरी विचारणारच. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, लिहिलंयस, तर इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइन या तक्ते जोडायच्या दोन रीतींमधला फरक कागदावर लिहून दाखवायला सांगतील. ते तुला येतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल मला शंका आहे आणि तुलाही असावी. ‘प्राथमिक ओळख’ असं लिही, नाहीतर काढ.

छंदांबद्दल फार लिहीत नाही. ‘वाचन’ लिहिलं आहेस तर सध्या काय वाचतेस ते सांगता यायला हवं, इतकंच.

तुला सगळ्यात जास्त भीती वाटतेय ती सात महिन्यांत सोडलेल्या नोकरीची आणि त्यानंतरच्या रिकाम्या काळाची. खरं सांगू? माझी रेघ तिथे सगळ्यात पुसट होती. प्रश्न येईल, पण उत्तर चार वाक्यांचं असू दे. ‘सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत बराच फरक होता. काही महिने प्रयत्न केला आणि मग सोडलं. त्यानंतरच्या काळात घरची एक जबाबदारी होती, ती आता संपली आहे. त्या काळात एसक्यूएलचा अभ्यास पूर्ण केला.’ आणि थांब. शांतता पसरली तरी ती भरायला जाऊ नकोस. जुन्या साहेबांबद्दल जे मला सांगितलंस त्यातलं एक अक्षर तिथे नको. तुझं खरं असलं तरी नको, कारण समोरच्याला दुसरी बाजू ठाऊक नाही आणि तो आपसूक तिचा विचार करू लागतो. घरचं आजारपण कुणाचं, कोणतं, हे सांगायला तू बांधील नाहीस. तारखा मात्र जशा आहेत तशाच ठेव. महिने ताणून तो खंड बुजवण्याचा सल्ला तुला कुणीतरी दिलाय असं दिसतं. जुन्या नोकरीच्या तारखा पडताळल्या जातात, आणि त्यात तफावत निघाली तर हातात आलेलं नियुक्तिपत्रही जाऊ शकतं. सात महिन्यांची नोकरी कुणालाही समजते, खोटी तारीख कुणालाच समजत नाही.

‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर रेझ्युमे वरून खाली वाचून दाखवू नकोस, तो त्यांच्या हातात आहे. आज काय करतेस तिथून सुरू कर, मागची दोन कामं जोड आणि या जागेपाशी आणून सोड. दीड-दोन मिनिटं पुष्कळ झाली. यात तू ज्याचा उल्लेख करशील त्यावरच पुढचा प्रश्न येण्याचा संभव जास्त, तेव्हा जिथे तुझी चिठ्ठी भक्कम आहे तीच नावं घे.

नोकरीची जाहिरात रेझ्युमेशेजारी ठेवून एकेक अपेक्षा ताडून बघ. त्यांना डॅशबोर्ड, म्हणजे महत्त्वाचे आकडे एका नजरेत दाखवणारा पडदा, बनवण्याचा अनुभव हवाय आणि तुझ्याकडे तशी ओळच नाही. म्हणजे प्रश्न तिथे येणार. ‘डॅशबोर्ड मी स्वतंत्रपणे बनवलेला नाही, त्याच्या सगळ्यात जवळचं मी केलेलं काम म्हणजे अहवालातले आलेख आपोआप बदलतील अशी मांडणी’ हे उत्तर आत्ताच घडवून ठेव. ‘नाही’ आधी, आणि लगेच जवळचं काम.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. जुन्या कंपनीचे आकडे बोलताना सांभाळ. ग्राहकांची नावं, विक्रीची रक्कम, बाहेर न आलेल्या योजना हे तुझ्या तोंडून जाता कामा नये. प्रमाण सांग, रक्कम सांगू नकोस. कुणी खोदून विचारलं तर ‘ते मला उघड करता येणार नाही’ असं सरळ म्हण. उद्या ही मुलगी आमचीही माहिती अशीच सांभाळेल, एवढं समोरच्याला कळतं.

सराव मनातल्या मनात करू नकोस. मनात सगळी उत्तरं अस्खलित असतात. मोठ्याने बोल, फोनवर ध्वनिमुद्रण कर आणि ऐक. ऐकायला नको वाटेल, तरी ऐक. मग तुझ्या क्षेत्रातली नसलेली एखादी मैत्रीण समोर बसव आणि तिला दोनच शब्द दे: ‘म्हणजे काय?’ आणि ‘कशावरून?’ प्रत्येक ओळीवर तिने हे विचारत राहायचं. शब्द पाठ करू नकोस, प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत सांग; मुद्दे तेच राहिले की झालं.

आणि हो, या कंपनीला रेझ्युमेची कुठली प्रत पाठवली होतीस ते शोधून ठेव. तुझ्या मेलमध्ये मला तीन वेगवेगळ्या प्रती दिसल्या आणि एकीत अहवालाची बचत ३० टक्के आहे. कंपनीकडे जी गेली असेल तिच्यावरच चिठ्ठ्या लिही. त्यात चुकीचा आकडा असेल तर विषय निघताच तू स्वतःहून दुरुस्त कर, त्यांनी पकडायची वाट बघू नकोस. चिठ्ठ्या झाल्या की शनिवारी संध्याकाळी फोन कर. तासभर ठेव मोकळा, मी पायथनपासून सुरुवात करणार आहे.

तुझी,
मावशी