सायकलस्वारांच्या संघटनेची वर्गणी भरून नेमके काय साधते?

नेदरलँड्समधील ‘फीट्सर्सबाँड’ या सायकलस्वारांच्या संघटनेकडे पाहिले, तर वर्गणीचा उपयोग चटकन लक्षात येतो. १९७१ साली त्या देशात रस्ते अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली. त्यातून उसळलेल्या आंदोलनांच्या काळातच, १९७५ मध्ये, ही संघटना उभी राहिली. तिचे स्वयंसेवक आपापल्या भागातील रस्ते पालथे घालून कोठे डांबर आहे, कोठे विटांची फरसबंदी आहे, कोठे रात्री दिवे नसतात, याच्या नोंदी करतात आणि त्यांवरच संघटनेची सायकलमार्ग सुचवणारी ऑनलाइन सोय चालते. माझ्या मते खरे बळ येथेच आहे: एकट्या नागरिकाची तक्रार नगरपालिका सहज बाजूला ठेवू शकते, परंतु गल्लीबोळांची अशी माहिती आणि हजारो सभासदांचा पाठिंबा घेऊन आलेल्या संघटनेला ऐकून घ्यावेच लागते.