भाड्यात हप्ता निघेल का?

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर, वडगाव बुद्रुकला त्यांनी ६० लाखांचा रिसेल टू बीएचके बघून ठेवलाय. नवरा-बायकोचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार, घरखर्च ६० हजार, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा टाकायची ठरावीक रक्कम) १५ हजार, बँकेत १७ लाख. कमी पडले तर पत्नीचं सोनं तारण ठेवायची तयारी आहे. भाडं २० हजार येईल, आणि मेहुणे म्हणतात, "भाड्यातच हप्ता फिटतो." घेऊ का, असं त्यांनी विचारलंय.

आत्ता घेऊ नका. घरात खोट आहे असं नाही, पण तुमचा हिशेब अर्ध्यावर थांबलाय.

बँक ८० टक्के देईल, म्हणजे ४८ लाख. १२ लाख तुमचे. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. दलाली एक टक्का धरली तर ६० हजार. रंग, गिझर, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या यांना दीड लाख धरा. झाले १८ लाख ६० हजार. घर एकट्या पत्नीच्या नावावर घेतलंत तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ६० हजार वाचतात. तरीही तुमचे १७ लाख पुरत नाहीत, आणि दवाखाना निघाला तर हातात काही नाही. सोनं तर यात आणूच नका.

आता महिन्याचं बघू. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ४१,६५० रुपये. भाडं २० हजार म्हटलं, तरी एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला या मध्ये घर रिकामं राहतं. वर्षाला एक महिना तरी सोडा. मेंटेनन्स ३ हजार धरला, तो बहुतेक ठिकाणी मालकच भरतो. घर भाड्याने दिलं की सोसायटी सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून जादा शुल्क, लावू शकते. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, तीही तुम्हाला नाही. दुरुस्ती आणि एजंट धरून वर्षाकाठी हातात दीड लाखाच्या आसपास राहतील, महिन्याला साडेबारा हजार. उरलेले २९ हजार पगारातून जाणार. घरखर्च आणि एसआयपी वजा केल्यावर तुमच्याकडे राहतात ३० हजार. म्हणजे हजार रुपयांवर संसार! घर तीन महिने रिकामं राहिलं की पहिली एसआयपी बंद पडेल.

कर वाचेल ही आशाही तपासून घ्या. पहिल्या वर्षी व्याजच चार लाखांच्या घरात जातं. नव्या करप्रणालीत ते भाड्याच्या उत्पन्नापुरतंच वजा होतं, वरचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत दोन लाखांपर्यंत येतो.

मला जास्त काळजी अंतराची वाटते. माझ्याकडे येणाऱ्या सांगलीच्या एका गृहस्थांचा पुण्यात फ्लॅट आहे. मागच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरून त्यांना फोटो आला: बाथरूमच्या छताला पोपडे, खाली बादली, बादलीत गढूळ पाणी. मग तीन फेऱ्या, दोन रजा, टाइल्स फोडून वॉटरप्रूफिंग. तेवढे दिवस भाडेकरू नातेवाइकांकडे राहिला, त्याचं भाडं सोडावं लागलं. त्या वर्षी घराने त्यांना जवळपास काहीच दिलं नाही.

पुढेमागे घर घेतलंत, तर भाड्याचा करार तोंडी किंवा नुसत्या स्टॅम्प पेपरवर करू नका. भाडेकरू ओळखीचा असला तरीही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. उलटं सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. रीतसर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याच्या परवानगीचा करार, असेल आणि मुदतीनंतर तो जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ही नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, टाळायला कारणच नाही.

किंमत वाढेल, हे मेहुण्यांचं म्हणणं मी खोडत नाही. वाढेलही. पण ती वाढ विकल्यावरच हातात येते, आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. तोपर्यंत तग धरता यायला हवा. म्हणून दोन-तीन वर्षं थांबा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून २० लाख जमले की बघा, आणि तेव्हा ४० लाखांपर्यंतचा वन बीएचके बघा. जमलं तर कोल्हापुरातच, म्हणजे नळ गळाला तर संध्याकाळी जाऊन येता येईल.

तोवर एक काम करा. पुण्याला गेलात की त्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, किती फ्लॅट रिकामे आहेत आणि शेवटचा भाडेकरू किती भाड्याने आला. एजंटने सांगितलेला २० हजारांचा आकडा बाजूला ठेवा. वॉचमन सांगेल तो मला कळवा, आपण हिशेब पुन्हा मांडू.