अल्टरनेटर उघडण्यापूर्वी

स. न. वि. वि.

तुमचा आराखडा दोनदा वाचला. गाडीचा जुना अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) पुन्हा वापरात आणण्यासाठी सुटा करण्याचा क्रम तुम्ही जुळणीचा क्रम उलटा करून मांडला आहे. कागदावर तो बिनचूक दिसतो; परंतु जुळणीच्या वेळी सगळे भाग नवे आणि एकसारखे असतात, तर आपल्या टेबलावर कोकण किनाऱ्यावरचा गंजाने धरलेला नग आणि देशावरचा धुळीने माखलेला नग शेजारीशेजारी येतात. म्हणून क्रमाच्या आधी, कोणता भाग वाचवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे ठरवा.

बेअरिंग आणि कार्बन ब्रश (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे) आपण बदलतोच, त्यामुळे ते जपण्यात वेळ घालवू नका. पुलर (बेअरिंग ओढून काढण्याचे हत्यार) लावताना जपायचा आहे तो शाफ्ट. रोटर (आत फिरणारा विद्युतचुंबक), बाहेरची ॲल्युमिनियमची खोळ आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) मात्र वाचलेच पाहिजेत. पुलीचा नट अल्टरनेटर अखंड असतानाच इम्पॅक्ट गनने सोडवा, कारण नंतर रोटर एकटाच शिकंज्यात धरावा लागला तर त्याचे पंजासारखे लोखंडी ध्रुव वाकण्याची भीती असते.

त्यानंतर ब्रश होल्डर काढा. ज्या रचनेत मागचे बेअरिंग स्लिप रिंगच्याही (ब्रश ज्यांवर घासतात त्या शाफ्टवरच्या कड्यांच्याही) मागे असते, तिथे होल्डर न काढता रोटर ओढला की बेअरिंग ब्रशवर आदळते. उमेदवारीच्या काळात मी नेमके हेच केले होते. ब्रशचे तुकडे झाले त्याचे काही नाही, पण होल्डर तडकला आणि त्याला जोडलेला चांगला रेग्युलेटर वाया गेला. दोन स्क्रू आधी काढण्याचे काम होते.

होल्डर निघाला की थांबा आणि मल्टीमीटर घ्या. १२ व्होल्टच्या अल्टरनेटरमध्ये दोन स्लिप रिंगांमधला रोध साधारण २ ते ५ ओम भरतो, आणि रिंग व शाफ्ट यांच्यात जोड मुळीच दिसता कामा नये. तुमच्या आराखड्याला खरी फांदी इथे फुटायला हवी. रोटर चांगला असेल तर स्टेटरच्या (रोटरभोवतीच्या स्थिर तांब्याच्या वेटोळ्यांच्या) तारा रेक्टिफायरपासून (एसीचे डीसी करणाऱ्या भागापासून) डाख वितळवून हळूच सोडवाव्यात. जळालेला असेल आणि स्टेटरही काळा पडला असेल तर तारा सरळ कापून नग पुनर्चक्रणाकडे वळवावा. मात्र तिथेही तांबे लोखंडापासून वेगळे झालेच पाहिजे, कारण वितळलेल्या पोलादात मिसळलेले तांबे भट्टीत व्यवहार्य रीतीने काढता येत नाही आणि पुढे गरम पोलाद लाटताना त्याच्या पृष्ठभागाला तडे जातात.

अशा फांद्या दाखवण्यासाठी होमेम दि मेलो आणि सँडरसन यांनी १९९०मध्ये जुळणीसाठी मांडलेला ‘आणि-किंवा’ आलेख (कामाचे सगळे पर्यायी मार्ग एकाच आकृतीत दाखवणारा) तुम्हाला उपयोगी पडेल. जिथे क्रमाचे बंधन नाही तिथे एकाच हत्याराची आणि एकाच बाजूची कामे सलग घ्या; नग उलटसुलट करण्यात किती वेळ जातो, ते स्वतः घड्याळ लावून पाहा.

अडकलेल्या बोल्टचा वेळ सरासरीत मिसळू नका, वेगळा नोंदवा. त्यासाठी एक मर्यादा ठरवा आणि ती ओलांडली की कापण्याचा मार्ग घ्यावा की तेल घालून नग बाजूला ठेवावा, हेही आराखड्यातच लिहा. पुढच्या आठवड्यात दहा नग बाजूला काढून ठेवतो. नवा आराखडा घेऊन या, आपण दोघे मिळून ते उघडू.

तुमचा हितचिंतक